अर्नी डेव्हिस: तीन मोसमांची पूर्ण कारकीर्द

ओसरी:

आम्हाला न्यू यॉर्क राज्यातल्या सिराक्यूजला येऊन सतरा वर्षं झाली. या गावात ४४ हा आकडा जिथेतिथे भेटतो. विद्यापीठाचा पिनकोडसुद्धा १३२४४ आहे, आणि तो योगायोगाने नाही तर मुद्दाम मागून घेतलेला आहे. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमधली ४४ क्रमांकाची जर्सी, आधी जिम ब्राउन, मग अर्नी डेव्हिस, मग फ्लॉइड लिटल, एवढं कानावर होतं. त्यापलीकडे मी कधी गेले नव्हते.

मागच्या महिन्यात लेकाला घेऊन एल्मायराला गेले. जायचं होतं मार्क ट्वेनच्या कबरीवर. वुडलॉन दफनभूमीत पाट्या लावल्या आहेत, त्यांच्या मागे मागे जाताना दुसऱ्या एका पाटीवर अर्नी डेव्हिसचं नाव दिसलं आणि आम्ही तिकडे वळलो. कबर साधी आहे. पायथ्याशी कुणीतरी मुठीएवढा रबरी फुटबॉल ठेवलेला होता. उन्हापावसाने त्याचा तपकिरी रंग उडाला होता, शिवणीची पांढरी रेघ तेवढी राहिली होती. लेक नववीत आहे, शाळेच्या संघात खेळतो. त्याने तो कलंडलेला चेंडू नीट उभा करून ठेवला आणि मला विचारलं, "आई, हा एनएफएलमध्ये एकसुद्धा मॅच खेळला नाही. मग एवढा मोठा कसा?"

एनएफएल म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉलची लीग. गाडीत मला धड उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसले, ते तीन आठवडे वाचतेच आहे. जे हाती लागलं ते इथे मांडते.

अर्नीचा जन्म १४ डिसेंबर १९३९चा, पेनसिल्व्हेनियातल्या न्यू सालेमचा. वडील त्याच्या जन्माआधीच अपघातात गेले. आईचं वय लहान, हातात काही नाही, म्हणून तो आजी-आजोबांकडे युनियनटाउनला वाढला. तो कोळशाच्या खाणींचा मुलूख. बोलताना अडखळायचा. बारा वर्षांचा झाल्यावर आईकडे एल्मायराला आला आणि तिथल्या एल्मायरा फ्री अकॅडमीत फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल सगळंच खेळला. बास्केटबॉलच्या संघाने तर लागोपाठ ५२ सामने जिंकले. पुढे त्याला नाव पडलं 'एल्मायरा एक्स्प्रेस'.

त्याला घ्यायला कितीतरी कॉलेजं टपलेली होती. सिराक्यूजसाठी खुद्द जिम ब्राउनने शब्द टाकला. ब्राउनचीही एक ठसठस आहे. १९५६च्या मोसमात तो देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होता, पण हाइजमन ट्रॉफीच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या बक्षिसाच्या मतदानात पाचवा आला. ती ट्रॉफी गेली पॉल हॉर्नंगला, ज्याच्या नोत्र दाम संघाने त्या वर्षी दोन सामने जिंकले आणि आठ हरले. कृष्णवर्णीय खेळाडूला हाइजमन मिळत नाही, हे तेव्हा कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक मात्र होतं.

त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायची मुभा नव्हती. म्हणजे चार वर्षं शिकायचं आणि तीनच मोसम खेळायचं. अर्नीचे तीन मोसम म्हणजे १९५९, १९६० आणि १९६१.

पहिल्याच मोसमात सिराक्यूज अकराच्या अकरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. विद्यापीठाचं फुटबॉलमधलं राष्ट्रीय विजेतेपद आजतागायत तेवढं एकच. शेवटचा सामना १ जानेवारी १९६०ला डॅलसमध्ये, कॉटन बोलचा, टेक्सासविरुद्ध. बोल म्हणजे मोसम संपल्यावरचा मानाचा सामना. आधीच्या दिवसांत अर्नीच्या मांडीमागचा स्नायू दुखावला होता. तो खेळू शकेल की नाही हेच ठरत नव्हतं. सामना सुरू होऊन काही मिनिटं होतात न होतात तोच सहकारी गेर श्वेडेसने फेकलेला चेंडू त्याने झेलला आणि त्या दुखऱ्या पायाने सुटला. एकूण ८७ यार्डांचा टचडाउन, म्हणजे चेंडू थेट समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार. मैदानच १०० यार्डांचं असतं, म्हणजे जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत. सिराक्यूजने सामना २३-१४ असा जिंकला. अर्नीचे दोन टचडाउन, आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. वय वीस.

दुसऱ्या मोसमात त्याने ८७७ यार्ड धावून काढले, प्रत्येक धावेला सरासरी ७.८. तिसऱ्या मोसमात प्रतिस्पर्धी फक्त त्याच्यावर डोळा ठेवून उतरायचे. ती सरासरी ५.५वर आली, पण त्याला चेंडूही जास्त वेळा दिला गेला आणि ८२३ यार्ड झाले. तिन्ही मिळून २,३८६ यार्ड, सरासरी ६.६, टचडाउन एकूण ३५. जिम ब्राउनचे विद्यापीठातले विक्रम मागे पडले.

६ डिसेंबर १९६१ला न्यू यॉर्कच्या डाउनटाउन ॲथलेटिक क्लबमध्ये त्याला हाइजमन ट्रॉफी दिली गेली. पहिला कृष्णवर्णीय विजेता. ओहायो स्टेटच्या बॉब फर्ग्युसनला ७७१ गुण, अर्नीला ८२४. अध्यक्ष केनेडी त्या दिवशी न्यू यॉर्कमध्येच होते, त्यांनी त्याला भेटायला बोलावून घेतलं.

दोनच दिवस आधी, एनएफएलचे संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या निवडीत त्याचं नाव सगळ्यात पहिलं पुकारलं गेलं होतं. तिथेही कृष्णवर्णीयांमध्ये तो पहिलाच. पुढचं सगळ्यांना माहीत असतं: १९६२च्या उन्हाळ्यात रक्ताचा कर्करोग निघाला, आणि १८ मे १९६३ला तो गेला. तेवीस वर्षांचा होता.

जे वाचलं त्यात बहुतेक ठिकाणी शब्द येतो 'अपुरी कारकीर्द'. तो मला पटत नाही. कॉलेजचा खेळाडू म्हणून जे करता येतं ते सगळं त्याने केलं आणि मगच मैदान सोडलं. कॉलेजची कारकीर्द म्हणजे पुढच्या कशाची तरी उमेदवारी, असं आपण का धरून चालतो? मला वाटतं लेकाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

---

शिवारातला:

ओसरीताई, एका बैठकीत वाचून काढलं. आमच्याकडे हा खेळ कुणालाच कळत नाही, म्हणून दोन बाळबोध प्रश्न. सरासरी ६.६ यार्ड हे मोठं का? ऐकायला तर सहा-सात पावलं वाटतात. आणि या पोरांना पैसे मिळायचे का? स्टेडियम भरायची म्हणजे कमाई तर होत असणार.

---

ओसरी:

प्रश्न अगदी रास्त आहेत.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. अर्नी रनिंग बॅक होता, तेव्हाच्या भाषेत हाफबॅक. चेंडू पोटाशी घट्ट धरायचा आणि अकरा जणांच्या भिंतीतून वाट काढायची. एका धावेला सरासरी चार यार्ड काढणारा उपयोगी समजला जातो, पाच काढणारा उत्तम. लेकाच्या सामन्यात मी कडेला उभी असते, तिथून दोन यार्ड म्हणजे काय ते कळतं. शिरस्त्राणावर शिरस्त्राण आपटल्याचा आवाज येतो, मुलं ढिगाऱ्यात दिसेनाशी होतात, आणि पंच साखळी घेऊन मोजायला येतो तेव्हा चेंडू हातभर पुढे सरकलेला असतो. हे तीन मोसम करत राहून ६.६ची सरासरी ठेवायची! त्यात खेळाडू बदलण्याचे नियम तेव्हा कडक होते. चढाई संपली की हीच मुलं बचावालाही उभी राहायची. अर्नीही.

पैशाचं म्हणाल तर शिष्यवृत्ती: फी, राहणं, जेवण. बाकी दमडी घेतली तरी खेळाडू बाद. खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमवायची परवानगी मिळाली ती थेट जुलै २०२१मध्ये. आता चांगला क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा खेळाडू, पदवीआधीच लक्षाधीश होतो. मला त्यात वावगं काही वाटत नाही. सिराक्यूजचं आर्चबोल्ड स्टेडियम भरत होतं ते या मुलांच्या जिवावर.

---

डोंगरवाट:

लेख आवडला. मी याच्यावरचा २००८चा चित्रपट पाहिला होता. त्यात वेस्ट व्हर्जिनियात मॅच आहे, प्रेक्षक बाटल्या फेकतात, शिव्या देतात, फार अंगावर येतं. तो प्रसंग तुमच्या लेखात का नाही? आणि डॅलसच्या मेजवानीचाही उल्लेख नाही. मला तर तोच या गोष्टीचा गाभा वाटतो.

---

ओसरी:

वेस्ट व्हर्जिनियाचा प्रसंग घेतला नाही कारण तो तसा घडलेला नाही. १९५९चा तो सामना सिराक्यूजमध्येच झाला होता. चित्रपट आला तेव्हा वेस्ट व्हर्जिनियाच्या लोकांनी जाहीर नाराजी दाखवली होती, आणि मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं. खरं घडलेलं इतकं असताना एका गावावर नसलेलं पाप का लादायचं?

डॅलसबद्दल मात्र तुमचं बरोबर, मी घाईत सोडून दिलं. टेक्सासचा संघ पूर्ण गोऱ्यांचा होता. मध्यंतराच्या तोंडावर मैदानात हाणामारी झाली, सिराक्यूजच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना घाणेरडे शब्द वापरले गेले. रात्री बक्षीस समारंभ. आता इथे दोन हकिकती मिळतात. एक अशी की अर्नीला सांगितलं, बक्षीस घे आणि निघ. ते ऐकून संघाने मेजवानीवरच बहिष्कार टाकला. दुसरी अशी की जेवण झालं, बक्षीसं झाली, आणि मग नाच सुरू व्हायच्या वेळी कृष्णवर्णीय खेळाडूंना बाहेर जायला सांगितलं. श्वेडेस म्हणाला की मग आपण सगळेच उठू या, पण विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी ते होऊ दिलं नाही.

पहिली हकिकत ऐकायला बरी वाटते. माझा कल दुसरीकडे आहे, कारण तिच्यात कुणीच पूर्ण शूर नाही आणि कुणीच पूर्ण दुष्ट नाही. चित्र डोळ्यांसमोर आणा: वीस वर्षांचा मुलगा, दुपारी मैदानावरचा सर्वोत्तम, हातात बक्षीस, आणि त्याला दाराकडे बोट दाखवलं जातंय. ज्याने त्याला ८७ यार्डांचा पास दिला तोच मित्र खुर्ची मागे सारून उभा राहतो, आणि त्यालाही बसवलं जातं.

---

माजघर:

मी क्लीव्हलंडची. ओसरी, तू एनएफएलची बाजू दोन ओळींत उरकलीस, म्हणून थोडी भर घालते.

त्याला पहिल्यांदा निवडलं ते वॉशिंग्टनच्या संघाने. त्या संघाचा मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल. अख्ख्या एनएफएलमध्ये हा एकटाच असा उरला होता जो कृष्णवर्णीय खेळाडू घेत नव्हता. सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या 'इंटीरियर' खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट उडॉल यांनी त्याला कोंडीत पकडलं. नवं स्टेडियम संघराज्य सरकारच्या जमिनीवर होतं. भेदभाव चालू ठेवलात तर ते वापरता येणार नाही, असं त्याला बजावलं. तेव्हा कुठे मार्शलने अर्नीचं नाव घेतलं. पण अर्नी तिथे गेला नाही. अदलाबदल होऊन तो आमच्या क्लीव्हलंड ब्राउन्स संघाकडे आला आणि त्याच्या बदल्यात बॉबी मिचेल वॉशिंग्टनला गेला. मिचेल तिथे गाजला, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. म्हणजे वॉशिंग्टनचं दार उघडलं अर्नीच्या नावावर, आणि आत गेला मिचेल.

इथे सगळ्यांनी एकच स्वप्न पाहिलं होतं: जिम ब्राउन आणि अर्नी डेव्हिस एकाच संघात, शेजारी शेजारी. जुलै १९६२मध्ये शिकागोच्या ऑल-स्टार सामन्याच्या शिबिरात त्याची मान सुजली. आधी गालगुंड म्हणाले. सुरुवातीला त्याला आजाराचं नाव सांगितलंच नव्हतं. शरद ऋतूत आजार मागे हटला तेव्हा सांगितलं. त्याला खेळू द्यावं असं मालक आर्ट मोडेलना वाटत होतं, प्रशिक्षक पॉल ब्राउन तयार नव्हते. दोघांचं आधीच पटत नव्हतं, त्यात हे. जानेवारी १९६३मध्ये मोडेलनी पॉल ब्राउनना काढलं.

माझ्या घरमालकीणबाईंनी मला एक सांगितलेलं आहे. ऑगस्ट १९६२च्या सरावसामन्याला त्या वडिलांबरोबर गेल्या होत्या, शाळकरी वयाच्या. स्टेडियमचे दिवे मंद केले, एकच झोत राहिला, आणि त्या झोतात अर्नी धावत आला. खेळायला नाही, नुसता लोकांसमोर यायला. "तो इतका धडधाकट दिसत होता," एवढं त्या दर वेळी म्हणतात. ब्राउन्सची ४५ क्रमांकाची जर्सी त्याच्या नावाने कायमची निवृत्त केलेली आहे. एकाही सामन्यात तो ती घालून खेळला नाही.

---

गवतफूल:

माजघर, शेवटचा परिच्छेद वाचून गलबलून आलं.

ओसरी, तुझा 'अपुरी नाही' हा मुद्दा कळतो, पण मान्य नाही गं. त्याला स्वतःला विचारलं असतं तर तो 'झालं सगळं' म्हणाला असता का? त्याला खेळायचं होतं. दिव्यांच्या झोतात धावत यावं लागतं आणि परत फिरावं लागतं, याला अपुरं नाही तर काय म्हणायचं?

---

ओसरी:

गवतफूल, त्याचं आयुष्य अपुरं राहिलं, यात शंकाच नाही. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, काचपट्टीवर त्या पेशी रोज बघते. १९६२ साली औषधं मोजकी होती. आजार काही आठवडे मागे हटायचा आणि फिरून यायचा. आज तेवीस वर्षांच्या मुलाची काचपट्टी तशी दिसली तर आमच्याकडे पुढे करण्यासारखं पुष्कळ असतं, तेव्हा नव्हतं. म्हणून तर ते वाचताना मला राग येत राहतो, कुणावर ते कळत नाही.

माझं म्हणणं कारकिर्दीपुरतं आहे. 'अपुरी' म्हटलं की लोक ती तीन वर्षं बघतच नाहीत, न झालेल्या वर्षांचा हिशोब मांडत बसतात. ब्राउन्सकडे किती यार्ड काढले असते, जिम ब्राउनच्या पुढे गेला असता का. ते कुणालाच कळणार नाही. पण कॉटन बोल झाला, २,३८६ यार्ड झाले, हाइजमन झाली. डिसेंबर १९६१मध्ये मायामीविरुद्धच्या लिबर्टी बोलमध्ये तो शेवटचं सिराक्यूजसाठी खेळला. संघ मध्यंतराला १४-० मागे होता. अर्नीने १४० यार्ड धावून काढले आणि सामना १५-१४ असा जिंकला. कॉलेजच्या खेळाडूला याहून चांगला शेवटचा दिवस कोणता मागता येईल?

आणि त्याने स्वतः काय म्हटलं असतं, याचं थोडं उत्तर आहे. मार्च १९६३मध्ये, जायच्या दोन महिने आधी, एका साप्ताहिकात त्याचा लेख आला होता. त्याचं शीर्षकच होतं, मी दुर्दैवी नाही.

---

गवतफूल:

हे माहीत नव्हतं. यावर मी आता काही बोलत नाही.

---

डोंगरवाट:

मला एक खटकतं ते बोलतो, गैरसमज नसावा. अर्नी किती सालस, किती शांत, असं सगळेच लिहितात. खरंच होता तसा. ज्यू विद्यार्थ्यांच्या सिग्मा अल्फा म्यू या मंडळात घेतलेला पहिला कृष्णवर्णीय तोच. पण विद्यापीठं अशा मुलाचं उदाहरण पुढे करतात आणि बोलणाऱ्या मुलांना गप्प करतात. याच सिराक्यूजमध्ये, अर्नीच्याच प्रशिक्षकांच्या, बेन श्वार्ट्झवाल्डर यांच्या हाताखाली, १९७०मध्ये नऊ कृष्णवर्णीय खेळाडूंनी बहिष्कार टाकला. त्यांच्या मागण्या काय होत्या? एक कृष्णवर्णीय सहायक प्रशिक्षक, नीट वैद्यकीय सोय, अभ्यासात मदत, संघनिवडीत समान न्याय. वर्तमानपत्रांनी 'सिराक्यूज एट' म्हटलं, नववा मोजलाच नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांची कारकीर्द तिथेच संपली. विद्यापीठाने त्यांची जाहीर माफी मागायला २००६ साल उजाडलं. मला तर त्यांची कारकीर्द जास्त अपुरी वाटते.

---

ओसरी:

गैरसमज कसला, हे इथे यायलाच हवं होतं. माझ्या मनात नव्हतं, तुम्ही आणलंत.

श्वार्ट्झवाल्डरबद्दल मला अजून नीट मत बनवता येत नाही. नॉर्मंडीच्या मोहिमेत विमानातून उडी मारलेला हा माणूस. अर्नीवर त्यांची खरी माया होती, याच्या कितीतरी खुणा आहेत. आणि दहा वर्षांनी त्याच माणसाला नऊ मुलांचं म्हणणं ऐकू आलं नाही. एका मुलावर माया करणं आणि सगळ्यांना न्याय देणं, या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

अर्नीच्या शांतपणाबद्दल एवढंच की तो शांत होता म्हणून त्याला काही दिसत नव्हतं असं नाही. युनियनटाउनच्या आजी-आजोबांचा तो संस्कार होता, आणि बोलताना अडखळणाऱ्या मुलाने शब्द जपून वापरायला शिकणं हेही असेल.

---

काटेसावर:

फ्लॉइड लिटलचं कुणी सांगितलं नाही, म्हणून मी. लिटल न्यू हेवनचा. त्याला सैन्याच्या वेस्ट पॉइंटला न्यायला जनरल मॅकआर्थरसारखा माणूस मागे लागला होता. अर्नी आजारात होता तरी श्वार्ट्झवाल्डरबरोबर लिटलच्या घरी गेला, त्याच्याशी बोलला. लिटलने 'सिराक्यूजला येतो' म्हटलं, पण मनातून नक्की नव्हतं. मे महिन्यात अर्नी गेल्याची बातमी आली आणि त्याने प्रशिक्षकांना फोन करून शब्द पक्का केला. पुढे तोही ४४ घालून खेळला आणि तीनदा देशाच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. तो गेला १ जानेवारी २०२१ला, कॉटन बोलच्याच तारखेला.

४४ क्रमांक विद्यापीठाने २००५मध्ये निवृत्त केला.

---

शिवारातला:

ओसरीताई, माझी बहीण बफलोजवळ असते. दिवाळीनंतर मी तिच्याकडे महिनाभर येतोय. एल्मायराला जायचं मनात आहे. रस्ता सांगाल का? आणि तुमच्या लेकाला काय उत्तर दिलंत शेवटी?

---

ओसरी:

जरूर या. बफलोहून अडीच तासांच्या आसपास धरा, सिराक्यूजहून दीड. आमच्याकडे मुक्काम करून जात असाल तर ८१ नंबरच्या महामार्गावरून दक्षिणेला कॉर्टलंड, तिथून १३ नंबरचा रस्ता इथाकावरून थेट एल्मायराच्या तोंडाशी आणतो. दफनभूमीचं फाटक वॉलनट स्ट्रीटवर आहे. नोव्हेंबरात अंधार लवकर पडतो, दुपारी दोनच्या आत पोचा.

त्याच आवारात जॉन डब्ल्यू. जोन्स यांचीही कबर आहे, ती चुकवू नका. गुलामगिरीतून पळून आलेला हा माणूस. यादवी युद्धात एल्मायराच्या तुरुंगछावणीत मेलेल्या जवळपास ३,००० दक्षिणी सैनिकांना त्याने एकेक नोंद ठेवून पुरलं. जवळजवळ कुणाचंच नाव हरवू दिलं नाही. शंभर वर्षांनी अर्नीचं शव गावच्या नेबरहूड हाउसमध्ये ठेवलं होतं, तेव्हा दहा हजारांवर माणसं त्याच्यासमोरून गेली.

लेकाला मी २,३८६, ६.६, ३५ सगळे आकडे सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग कॉटन बोलचं जुनं चित्रीकरण शोधून काढलं आणि ८७ यार्डांची ती धाव चार-पाचदा बघितली. "आई, तो शेवटी पाय ओढतोय बघ," म्हणाला. मला दिसलं नव्हतं.